पहिला नग घरात

१२ जानेवारी, सोमवार

कॉलेज सुटल्यावर वडगावला, आईकडे. आई तशीच. उताणी, डोळे छताकडे. म्हटलं, "काय बघतीस?"

"काय हाय बघायला? स्लॅब."



डिसेंबरात मोरीत पडली, मणक्याला चीर. डॉक्टर म्हणतात, एप्रिलपर्यंत सपाट झोपायचं, पट्टा बांधून जेवणापुरतंच उठायचं, आणि पडल्या पडल्या पायांचे व्यायाम रोज. चीर भरेल. पण पाय हलते राहिले नाहीत तर पुन्हा उभं राहणं अवघड. हे त्यांनी विजूला, माझ्या धाकट्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं. आई व्यायाम करत नाही. नाही म्हणतही नाही. मंगल, विजूची बायको, पाय धरून वाकवते तेव्हा कणकेच्या गोळ्यासारखी वाकू देते आणि सोडला की पाय पडतो.

टीव्ही लावून झाला. सपाट पडलेल्या माणसाला टीव्हीचा फक्त वरचा कोपरा दिसतो. मग मंगलनं मोबाइल आईच्या तोंडावर धरला. हात भरून आला, मोबाइल नाकावर. तेव्हा मात्र आई खूप बोलली. मंगल म्हणाली, "आक्का, बरं वाटलं बघा शिव्या ऐकून."

निघताना "येतो गं" म्हटलं. कॉलेजात मी "येते" म्हणते, वडगावात शिरलं की "येतो". इथल्या सगळ्या बायका तशाच. आईनं नेहमीसारखं "ये" म्हटलं नाही.

१५ जाने., गुरु.

तीळगूळ घेऊन गेले होते काल. आईनं हातात धरला, खाल्ला नाही. मुंग्या आल्या अंथरुणात.

आज आमच्या यजमानांनी, प्र.नी, मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. नवा व्हिडिओ प्लेअर. टीव्ही नको, पडदा नको. दुधाच्या किटलीएवढा डबा, जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवायचा, तोंड वर करायचं, छतभर चित्र. महिनाही झाला नाही बाजारात येऊन. जाहिरातीत एक तरुण जोडपं पलंगावर उताणं पडून समुद्र बघतंय.

"आईंना," प्र. म्हणाले.

किंमत वाचली आणि मोबाइल परत दिला.

१७ जाने., शनि.

योगायोग असा की आज बी.कॉम.च्या वर्गाला किमतीची धोरणंच होती. नवी वस्तू आधी चढ्या भावात काढायची, हौशी गिऱ्हाइकाकडून साय काढून घ्यायची, मग भाव उतरवत उतरवत दूध सगळ्यांना. दरवर्षी शिकवते. दरवर्षी मुलं हसतात. आज मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, साय म्हणजे कोण?"

"ज्याला थांबता येत नाही तो."

उत्तर दिलं आणि स्कूटरवर बसेपर्यंत ते बोचत राहिलं. पुस्तकात पहिल्या गिऱ्हाइकाला हौशी म्हटलंय. हौस असलेल्याला थांबता येत नाही हे खरं, पण घाई असलेल्यालाही येत नाही. घाई आणि हौस एकच का? पुस्तकात घाईचं प्रकरण नाही.

१८ जाने., रवि.

विजूशी बोलले. तो खाली मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता. त्याचं म्हणणं सरळ.

"आक्का, दिवाळीपर्यंत थांब. निम्म्यावर येतंय."

"दिवाळीला आई उठून बसलेली असेल. टीव्हीच बघेल."

"मग परश्न मिटला की! घ्यायचाच कशाला?"

हसला. मीही हसले. मग म्हणाला, "आप्पा असते तर काय म्हणाले असते सांग."

ते मला माहीत आहे. आप्पांचा, आमच्या वडिलांचा, नियम: पहिला नग घरात. मागावर नवं डिझाईन चढलं की उतरणारी पहिली साडी दुकानात जायची नाही. ती आईनं नेसायची. महिनाभर नेसायची, धुवायची, उन्हात वाळत घालायची. रंग जातो का, काठ आकसतो का, पदर ओढतो का, ते सगळं आईच्या अंगावर कळायचं. मग डिझाईन दुरुस्त, आणि दुसऱ्या साडीपासून विक्री. शहापूरच्या पेठेत आप्पांचा माल डोळे झाकून घ्यायचे ते यामुळे. गिऱ्हाइकाच्या अंगावर आपली परीक्षा बघायची नाही, असं म्हणायचे.

विजू म्हणतो, "ह्या कंपनीनं पयला नग त्यांच्या आईला द्यावा. आमच्या आईवर कशाला? ते पण वरनं जास्त पैसे घेऊन?"

त्याचा प्रश्न जसाच्या तसा इथं उतरवून ठेवते. 

२१ जाने., बुध.

फिजिओच्या बाई पिरनवाडीहून येतात, आठवड्यातून दोनदा. आज जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, पायात ताकद आहे. मन नाही."  

आईला विचारलं, काय करू तुझ्यासाठी? म्हणाली, "तुझं कॉलेज बघ."

२५ जाने., रवि.

निपाणीला. प्र.चे थोरले भाऊ, आमचे अण्णा. तंबाखूच्या वखारीत जन्मभर दिवाणजी, आणि जन्मभर प्रत्येक नवं यंत्र गल्लीत सगळ्यात आधी घेणारे. मुद्दामच गेले होते. या विषयातला अनुभवी माणूस दुसरा नाही.

माडीवरचं कपाट उघडून दाखवलं. व्हीसीआर, त्यावर क्रोशाचा रुमाल अजून. मग सीडीचा, मग डीव्हीडीचा, मग पाच स्पीकरांचा, ज्याच्या दोन स्पीकरांत आता शेंगा ठेवतात. खालून वहिनींचा आवाज: "कपाट न्हवं ते, मसणवटा हाय!"

अण्णा ऐकून न ऐकल्यासारखे. एकेका यंत्रावर हात ठेवून बोलत होते. "ह्यो आलता तवा लग्नाच्या पंगतीला येत न्हाईत एवढी माणसं आमच्या सोप्यात. दारात चपला मावत न्हवत्या. आणि ह्यो," एक चपटं काळं यंत्र, "ह्यो वर्षात मेला. ह्याच्या डिस्काच यायच्या बंद झाल्या."

"वाईट वाटतं?"

"पैशाचं? वाटतंय की. न वाटायला मी काय जहागीरदार? पण शुभा, एक ध्यानात घे. आमच्यासारख्यांनी पयल्यांदा घेतलं म्हणून तुमाला मागनं स्वस्तात मिळालं. कोण आभार मानतंय का? उलट हसत्यात."

मग जरा थांबून: "एकाच वस्तूसाठी मी शाणपणा केला. व्हिडिओ कॅमेरा. म्हटलं, भाव उतरू दे. उतरला. घेतला. तवर आमची बाळी पळायला लागलीती. तिची पयली पावलं न्हाईत कुठं."

खालून वहिनी: "तेवढं मात्र खरं हाय."

येताना बसमध्ये प्र. म्हणाले, "अण्णांना विचारणं म्हणजे खानावळवाल्याला भूक लागली का विचारणं." बरोबर आहे. पण अण्णांनी त्यांच्या चुका लपवल्या नाहीत. मेलेलं यंत्र आधी दाखवलं.

२६ जाने., सोम.

कॉलेजात झेंडावंदन, मग दिवसभर घरी. नीट विचार केला.

चढी किंमत डब्याची नाही. डबा दिवाळीतही हाच असेल, बहुधा सुधारलेला. जास्तीचे पैसे फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे. हे तीन महिने मला हवेत का? हवेत. दिवाळीतले तीन महिने मला कुणी फुकट दिले तरी त्यांचा उपयोग नाही. म्हणजे माझ्यासाठी ही महाग वस्तूही नाही.

उलट बाजूही तपासली. हा डबा मी आईसाठी घेतेय की माझ्यासाठी? दोघींचा संध्याकाळचा तो तासभर, ती छताकडे, मी तिच्याकडे, बोलायला काही नाही. तो तास डब्यानं भरावा, किंवा डबा आला की एखाद्या दिवशी गेले नाही तरी चालावं, असं कुठंतरी आत आहे का? आहे. थोडं आहे. म्हणून आधीच लिहून ठेवते: डबा आला तरी फेरी चुकवायची नाही.

आणि विजूच्या प्रश्नाचं उत्तर. कंपनीनं परीक्षा गिऱ्हाइकावर ढकललीय हे खरं. आप्पांना पटलं नसतं. पण पहिला नग कुणीतरी नेसायचाच असतो. या वेळी आईनं नको, मी नेसते. पैसे माझे, डोकेदुखी माझी. आधी शहापुरात आमच्या घरी लावून, सगळं बघून, मगच वडगावला.

प्र. म्हणाले, "म्हणजे घ्यायचा."

"घ्यायचा."

ऑर्डर केली.  

२ फेब्रु., सोम.

आला. खोका इतका सुंदर की टाकवेना. संध्याकाळी आमच्या झोपायच्या खोलीत लावला. पंखा मध्ये येतो, स्टूल सरकवलं. मग छतभर नदी. प्र. उताणे पडून "अरे वा, अरे वा" एवढंच. कुठलं काय आहे हे माहीत नाही, पण पाण्यातले दगड मोजता येत होते.

सगळ्यात शहाणा गुण हा की डबा चित्र स्वतःच सावरून घेतो. स्टुलाला धक्का लागला की त्याला आपोआप कळतं. चित्र पुसट होतं, एक आडवी रेघ फिरते, पुन्हा स्वच्छ आणि चौकोनी. प्र.नी मुद्दाम पाच-सहा वेळा लाथ मारली स्टुलाला. प्रत्येक वेळी सावरलं. म्हणाले, "माणसापेक्षा बरं आहे."

उद्या पुन्हा पूर्ण तपासणी. आवाज, गरम होणं, वायफाय, सगळं.

३ फेब्रु., मंगळ.

तपासणी पूर्ण. दोन पिक्चर, एक कीर्तन, विजूच्या लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर घेतली होती तीही. कशातही दोष नाही. आप्पांच्या कडक नजरेनं पाहिलं, असं स्वतःला सांगायला हरकत नाही.

४ फेब्रु., बुध.

काय लिहू.

वडगावला नेला. विजूनंच स्टूल ठेवलं, आईच्या पायाशी. मंगलनं खिडकीला चादर लावली. आईनं काही विचारलं नाही. चालू केला. छतावर नदी आली. आईनं डोळे बारीक केले. मी तिच्या तोंडाकडे बघतेय.

चित्र पुसट झालं. रेघ फिरली. स्वच्छ झालं. पुसट झालं. रेघ फिरली. स्वच्छ. पुसट.

पहिल्यांदा वाटलं, वायर सैल. मग वाटलं, डबा बिघडला. विजूनं डब्याला हात लावला, स्टुलाला लावला, मग जमिनीला. आणि माझ्याकडे बघितलं.

माग.

खाली दोन माग चालू. सबंध घर हादरतं, अखंड, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मांडणीवरचे पेले किणकिणतात, तांब्यातल्या पाण्यावर कायम कंगोरे. मी या घरात जन्मले, वाढले. विजू तर अजून राहतो. आमच्यापैकी कुणाच्या, एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला तो हादरा जाणवतच नाही. बाहेरच्या माणसाला जिन्यातच जाणवला असता.

आणि डबा शहाणा. प्रत्येक हादरा त्याला धक्का वाटतो, प्रत्येक धक्क्याला तो सावरायला जातो.

आई म्हणाली, "डोळं दुखाय लागलं. काढ ते."

शहापुरात दोन दिवस तपासला. जिथं लावायचा तिथं नाही.

५ फेब्रु., गुरु.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. बेंगळुरूचा मुलगा, सौम्य. इंग्रजीतून सुरुवात, मग मी कन्नडवर आले. आपोआप सावरणं बंद करता येईल का? आत्ता नाही. सोय पुढच्या अपडेटमध्ये. कधी? "बरुत्ते मॅडम, बरुत्ते." येईल, येईल. त्यानं विचारलं, घर का हलतंय? सांगितलं, घरात मग्ग, म्हणजे माग, आहेत.  मग म्हणाला, असं आमच्याकडं कुणी अजून कळवलेलं नाही, मी लिहून घेतो.

म्हणजे पहिली मी. वर्गात सांगायला चांगलं उदाहरण.

नाही तर परत करा म्हणाला. दहा दिवसांची मुदत, येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत. पूर्ण पैसे परत.

७ फेब्रु., शनि.

विजूनं माझ्या नकळत एक गोष्ट केली. दुपारी जेवण झाल्यावर दोन्ही माग बंद केले. स्वतः वर येऊन डबा लावला. मी पोचले तेव्हा छतावर कीर्तन, स्वच्छ, एक रेघ नाही. विजू, ज्याला दिवाळीपर्यंत थांबायचं होतं तो, जमिनीवर उताणा पडून ऐकत होता.

आई ऐकत नव्हती. "विज्या, माग का बंद?"

"असंच. दम खाऊ दे त्यास्नी."

"ऑर्डर संपली काय?"

"न्हाय गं."

"मग? माग बंद पाडून कीर्तन ऐकू व्हय मी? देव म्हणंल, ही बया कोण!"

मोबाइल नाकावर पडला होता तेव्हापासून एवढं लांब ती पहिल्यांदाच बोलली. पण रागात. विजू मुकाट्यानं खाली गेला. माग सुरू झाले आणि आईचा चेहरा सैल पडला. हादऱ्याशिवाय तिला दुपारची झोपसुद्धा लागत नाही, मंगल म्हणते. चित्र पुन्हा पुसट, रेघ, स्वच्छ, पुसट. बंद केला.

परत करावा लागेल. खोका टाकला नाही हे बरं. यात हरले असं वाटत नाही. तीन महिने विकत घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. प्रयत्न चूक नव्हता. तपासणीची जागा चूक होती. दोन्ही वेगळं.

८ फेब्रु., रवि.

परत न्यायला गेले होते. मंगल म्हणाली, "आक्का, खाली काय तरी मऊ घालून बघू की. शिलाई मशिनीखाली नाही का घालत."

उश्या घातल्या, डबा कलंडला. गोधडी एका बाजूला दबली. आई सगळं बघत होती. मग म्हणाली, "ट्रंक उघड. माझ्या साड्या घे. घडी बसलेल्या हायत, सारख्या."

पलंगाखालची ट्रंक. मला वाटलं होतं आत आहेराचं काहीबाही. आत पहिले नग. सगळे. प्रत्येक डिझाईनचा पहिला. हिरव्या साडीत लाल उतरलेला. एक काठ आकसून होडीसारखा झालेला. जांभळी, जिचा रंग आईच्या मानेला लागायचा आणि मी शाळेतून येऊन घासून काढायचे.

मला ती जांभळी कधी आवडली नाही. आईवर अन्याय होतो असंच वाटायचं. दुसऱ्यांना शहाणी साडी, आईला कच्ची. आज विचारलं तसं. पहिल्यांदाच.

आई म्हणाली, "कशाचा अन्याय? गल्लीत समद्यांच्या आधी नवं डिझाईन माझ्या अंगावर. बायका दारात थांबवून पदर बघायच्या. रंग गेला तर गेला. मी मिरवत हुतो की!"

"मानेला लागायचा."

"तू घासायचीस. मला बरं वाटायचं."

साड्यांच्या घड्या एकावर एक, त्यावर लाकडी पाट, पाटावर डबा. माग चालू. चित्र आलं. थरथर आहे, पाण्यावर वारा आल्यासारखी, पण डब्याला आता धक्का वाटत नाही. बराच वेळ रेघ फिरली नाही. मग एकदा फिरली. मग पुन्हा बराच वेळ नाही. मंगलनं वर जांभळी आणखी घातली.

विजू जिन्यातून: "आप्पा वरनं बघत असतील तर म्हणतील, माझा माल हमालीला लावला."

आई: "गप. आता कामाला आला."

१० फेब्रु., मंगळ.

कालपासून विजूच्या लग्नाची कॅसेट. आईला पिक्चर नको, कीर्तन नको. लग्न. मला वाटलं आप्पांना बघायचंय. आप्पा येतात, अक्षता टाकतात, जातात.  मग मंगलच्या माहेरच्या बायका रांगेत.

"थांबीव. थांबीव गं! मागं घे."

थांबवलं. छतभर एका अनोळखी बाईचा काठ.

"ह्यो आमचा न्हवं. नक्कल हाय. बुट्टी बघ, डाव्या अंगाला कलतीया. खालच्या आळीतला तो लांब मानेचा, त्यानं आप्पांचं डिझाईन उचललंतं! मी तवाच म्हणत हुतो. आप्पा म्हणायचे, न्हाय गं, असं करणार न्हाय तो."

मंगल हसून हसून खाली बसली. "आत्ती, माझ्या लग्नात तुमी हे बघत हुता?"

"मग काय तुझं तोंड बघू? ते रोज बघतो."

इतक्या वर्षांनी पकडलेला चोर. तो माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली. आईला त्याचं काही नाही. पुढची बाई, पुढचा काठ. टीव्हीवर ही कॅसेट कितीदा पाहिली असेल, काठ एवढा मोठा कधी दिसला नव्हता.

आणि ती बोलत असताना मी सहज तिच्या पायांकडे बघितलं. चादरीखाली पाय हलत होते. डावा खाली, उजवा वर. उजवा खाली, डावा वर. पॉवरलूम यायच्या आधी आई हातमागावर बसायची, पायाखाली दोन पावड्या, एक दाबली की दुसरी उचलायची. तोच ठेका.

मंगलनंही बघितलं.  बोललो असतो तर थांबली असती.

११ फेब्रु., बुध.

फिजिओच्या बाईंनी पाय वाकवला. आईनं स्वतःहून परत ढकलला. बाई म्हणाल्या, "आजी, जोर केला की!" आई म्हणाली, "तुमी मधी येऊ नका, काठ दिसंना झालाय."

बाईंना बाहेर विचारलं, हे डब्यामुळं? म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, कधी कधी आपसूकही होतं. बरं झालं म्हणाल्या तसं. नाही तर मी उगाच डब्याला श्रेय देऊन मोकळी झाले असते.

संध्याकाळी विजूचा मेसेज. नुसती जाहिरात, खाली एक शब्द नाही. त्याच डब्याची किंमत उतरली. दिवाळी दूर, होळीचीही वाट पाहिली नाही त्यांनी. पुष्कळ उतरली.

पाचेक मिनिटं वाईट वाटलं. खरं लिहायचं तर दहा.

मग प्र.नी सुचवलं. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. हा परत कर, पूर्ण पैसे घे, उतरलेल्या भावात नवा मागव. कायद्यात बसतं. कारण लिहायचं: चित्र स्थिर राहत नाही. खोटं आहे का? नाही.

१२ फेब्रु., गुरु.

दुपारी लवकर वडगावला. परतीचं पान मोबाइलवर उघडं ठेवूनच गेले.

विजू म्हणाला, "घाल परत, आक्का. हक्काचं हाय. कंपनीनं आपल्याला धरलंतं, आपण तिला धरू."

हे कालपासून माझ्या मनातही होतं. पण कारणाच्या चौकटीपाशी अडले. चित्र स्थिर राहत नाही. आईला विचारलं, "चित्र हलतंय ते त्रास देतंय का गं?"

"कुठं हलतंय?"

"हे काय, थरथरतंय."

"ते व्हय. ते हलू दे. हलतंय म्हंजे खाली काम चाललंय."

जिच्यासाठी घेतला तिला जो दोष वाटत नाही, तो दोष म्हणून मी लिहावा का? मदतकेंद्राच्या त्या मुलाला मी फोन केला तेव्हा तो दोष होता. आज साड्यांच्या घड्यांवर तो दोष उरलाय का? प्र. म्हणतात, यंत्राचा दोष यंत्राचा, साड्या तुमच्या. हेही बरोबर. आणि खरं कारण वेगळंच आहे, भाव उतरला हे. त्या पानावर ते लिहायला जागा नाही. जे दहा दिवस मी मुद्दाम विकत घेतले, ते वापरून झाल्यावर पैसे परत मागायचे, हे मला जमेल का? आप्पा नेसून धुतलेली साडी परत घ्यायचे नाहीत. पण रंग गेला असेल तर घ्यायचे, एक शब्द न बोलता. आमच्या साडीचा रंग गेलाय की नाही, एवढंच ठरवायचंय.

आईला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं. नवा यायला आठ-दहा दिवस लागतील हेही सांगितलं.

तिनं छताकडे बघत ऐकलं. छतावर विजूच्या लग्नातली पंगत थांबवून ठेवलेली, वाढणारणीचा पदर हवेत.

"आठ-दहा दिवस स्लॅब?"

"हो."

"लई फरक हाय पैशात?"

"आहे."

 मग म्हणाली, "तुझं पैसं, तू बघ. पर ही पंगत उठू दे आधी."

मी मोबाइल ट्रंकेवर उपडा ठेवला आणि चालू केलं. खाली विजूनं दुसरा माग लावला. चित्र थरथरलं, रेघ फिरली, सावरलं. पदर पुढे सरकला. चादरीखाली डावा पाय खाली, उजवा वर.

बाहेर अजून ऊन आहे. संध्याकाळपर्यंत वेळ आहे.